पवनेच्या काठचे चार गड: मुंबईहून जाताना

पवना जलाशयाच्या उत्तरेला लोहगड-विसापूरची जोडी, पश्चिमेला सुळक्यासारखा तुंग आणि दक्षिणेला तिकोना. चारही गड एकमेकांना दिसतात, आणि चारही पुरंदरच्या तहात (१६६५) मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत होते. मुंबईकर मात्र वर्षानुवर्षं एकच बेत करतो: जुलैतला रविवार आणि लोहगड. त्या दिवशी लोहगडाच्या पायऱ्यांवर दादर स्टेशनच्या पुलावर असते तशी गर्दी असते. गणेश दरवाजात वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले की तासभर कुणी हलत नाही. पावसाळ्यातच जायचं असेल तर मधला वार धरा. जोडीला जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघालाय का, तेही आदल्या दिवशी बघा. चारही गडांसाठी उत्तम काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

गाडीचं गणित

विसापूर सोडला तर इथले गड लहान आहेत, वेळ जातो तो पायथ्याला पोचण्यात. सीएसएमटीहून पहाटे ५:४० ची इंद्रायणी पकडा (वेळ आदल्या दिवशी एकदा तपासा). दादर, ठाणे, कल्याणवाल्यांनाही तीच सोयीची. लोणावळ्याला उतरून पुणे लोकलने पुढचंच स्टेशन मळवली. पुणे-लोणावळा लोकल आपल्या सेंट्रल-वेस्टर्नसारख्या मिनिटामिनिटाला नसतात. एक चुकली की बराच वेळ फलाटावर जातो आणि दुपारी तर मोठा खंड असतो. तिकिटं काढतानाच परतीच्या लोकलचं वेळापत्रक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, गडावर रेंजचा भरवसा नसतो.

विसापूर आधी, लोहगड नंतर

दोन्ही एका दिवसात करायचे तर क्रम हाच. लोहगड १०३३ मीटर, विसापूर १०८४. हे पन्नास मीटर इतिहासातही महाग पडले आहेत. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला. तोफा वर चढल्यावर समोरचा लोहगड लढवण्यात अर्थ उरला नाही. नंतर त्यांनी विसापूरचे दरवाजे आणि तटाचा काही भाग पाडला. म्हणून आज लोहगडाला चार दरवाजे धडधाकट आहेत आणि विसापूरला शिरताना ढिगाऱ्यातून वाट काढावी लागते. चालणाऱ्याच्या दृष्टीने कारण साधं आहे: विसापूरची चढण दमवते, ती सकाळी ताज्या पायांनी उरकावी. लोहगडाला पायऱ्या आहेत, त्या दुपारीही जमतात.

मळवली स्टेशनवरून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव, चालत २५-३० मिनिटं. भाजे लेणी वाटेतच आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला चैत्य, आणि त्याच्या छताला लाकडी कमानी अजून टिकून आहेत. पाऊण तास द्या. लेण्यांच्या पायऱ्यांपाशीच विसापूरची एक वाट फुटते. तिथे गावात विचारूनच पुढे जा, कारण पदरातल्या (डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या) झाडीत ढोरवाटांचं जाळं आहे आणि प्रत्येक वाट सुरुवातीला खरीच वाटते. पंधरा-वीस मिनिटं चढण न लागता आडवंच चालत राहिलात, तर वाट चुकली समजा आणि शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. कारवीच्या झुडपांतून ‘सरळ वर’ घुसणारे हमखास कातळाखाली अडकतात.

शेवटचा टप्पा घळीतला. इथे कातळात खोदलेल्या जुन्या पायऱ्या आहेत आणि पावसाळ्यात गडाचं पाणी त्याच पायऱ्यांवरून उतरतं. फोटोत फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात पायरीच्या मधोमध पाण्याची धार असते आणि कडेला हिरवं शेवाळ. पाय ठेवावा धारेत, जिथे दगड धुऊन काळा आणि खरखरीत झालेला असतो. कोरडी वाटणारी हिरवट कड घसरवते. पाणी गुडघ्याला लागायला लागलं किंवा गढूळ झालं, तर त्या वाटेचा नाद सोडा. वर पठारावर ढगफुटीसारखा पाऊस झाला की घळीत पाणी मिनिटांत वाढतं.

माथा म्हणजे प्रचंड पठार. पाण्याची टाकी, तोफ, चुना मळायच्या घाण्याचं दगडी चाक, छत नसलेले वाडे, आणि मैलभर चालावी अशी तटबंदी. धुक्यात इथे दिशा हमखास हरवते, कारण पठारावर सगळीकडे सारखंच गवत दिसतं. त्यावर उपाय एकच: तट गाठा आणि तो एकाच हाताला ठेवून चालत राहा, मधून आडवं जाऊ नका. तटापासून चार-पाच फूट आत राहा, कडेचे दगड सुटे आहेत. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास.

उतरायचं गायमुख खिंडीकडे. खिंडीच्या एका बाजूला विसापूर, दुसऱ्या बाजूला लोहगड. पाऊण ते एक तासात लोहगडवाडी गाठता येते. पिठलं-भाकरी मिळते, पण सहा-सातपेक्षा जास्त जण असाल तर आधी सांगून ठेवलेलं बरं.

लोहगड चढायला पाऊण तास पुरतो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी वळणांवर एकापाठोपाठ येतात. वळणावर थांबून मागे बघा: खालच्या दरवाजात शिरलेला शत्रू वरच्या बुरुजांच्या माऱ्यात किती वेळ उघडा राहत असेल ते लगेच कळतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, तो याच बांधकामाच्या जोरावर असं मानायला हरकत नाही. वर लक्ष्मी कोठी आणि नाना फडणवीसांनी बांधवलेलं सोळाकोनी तळं बघून विंचूकाट्याकडे वळा. ही माची, म्हणजे गडाची पुढे आलेली सोंड, अरुंद, लांबलचक आणि दोन्ही बाजूंनी तुटलेली आहे. माचीवर जाताना छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. ओल्या कातळावर किंवा जोराच्या वाऱ्यात तो टाळा, वरून माची दिसते तेवढी पुरे. माकडं पिशवी उघडायला शिकली आहेत, खाऊ सॅकच्या आत ठेवा, हातात नको.

खाली येऊन मळवलीला दीड तास. सकाळी साडेआठला मळवली सोडली असेल तर संध्याकाळी साडेपाच-सहापर्यंत परत येता. दुपारी दोन वाजता तुम्ही विसापूरच्या पठारावरच असाल, तर त्या दिवशी लोहगड सोडा.

तिकोना

चौघांत आमची पसंती याला. नवख्याला, दहा वर्षांच्या पोरांना आणि गुडघे कुरकुरणाऱ्या काकांनाही झेपतो, अपवाद शेवटच्या पायऱ्यांचा. कामशेत स्टेशनहून जीप किंवा एसटीने पवनानगर (जुने लोक काळे कॉलनी म्हणतात), तिथून तिकोना पेठ. वाट सोंडेवरून सरळ आहे, तास-सव्वा तासाची. वेताळ दरवाजानंतर चपेटदान मारुती लागतो: एक हात उगारलेला, पायाखाली राक्षसीण. पुढे चुन्याचा घाणा, तुळजाईचं लेणं आणि तळं.

मग त्या पायऱ्या. ढोपरभर उंच, जवळजवळ उभ्या, बाजूला आधाराला वायररोप. चढताना अडचण नसते, उतरताना लोक तोंड दरीकडे करून उतरतात आणि गुडघ्यांवर सगळा भार येतो. उलटं, कातळाकडे तोंड करून, शिडी उतरल्यासारखं उतरा. एका वेळी एकाच दिशेची माणसं सोडा. खालून ‘येतोय’ अशी हाक आली की वरच्यांनी थांबायचं, हा इथला शिरस्ता. सॅकला बाहेर लटकवलेली बाटली इथेच सुटते आणि खालच्याच्या डोक्यावर पडते. दरवाजाच्या वळणात कातळात कोरलेलं थंड पाण्याचं टाकं आहे. माथ्यावर महादेवाचं मंदिर, आणि सगळा जलाशय पायाशी.

तुंग

तुंगवाडीच्या मारुती मंदिरापासून वर पाऊण ते एक तास, पण तुंगवाडी गाठणंच अवघड. लोणावळ्याहून भांबर्डेच्या एसटीने घुसळखांब फाट्यावर उतरलात तर पुढे ८ किलोमीटर चाल. चार-पाच जणांनी लोणावळ्यातून जीप ठरवणं बरं. वाट शंकूला वळसे घेत जाते, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला हवा. माथा एवढासा आहे, तुंगाई देवीचं मंदिर आणि चहूबाजूंनी दरी. मुक्कामाला गडावर निवारा नाही, मारुती मंदिरातच झोपा. विजा चमकायला लागल्या की या गडावरून लगेच उतरावं, आजूबाजूला याच्यासारखं उंच टोक दुसरं नाही.

पाणी आणि इतर

माणशी तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात चार. टाक्यांतलं पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच. रबरी पकडीचे बूट, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्‌स शूज नकोत: मार्चनंतर मुरमाड घसाऱ्यावर आणि जुलैत शेवाळावर दोन्हीकडे तेच घात करतात. कडेकपारीत आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा तिन्ही टाळा.

जलाशयात उतरू नका. काठ उथळ वाटतो, पण खाली गाळ आहे आणि बुडालेल्या जमिनीचे बांध-खड्डे आहेत, दोन पावलांवर खोली बदलते. पाणी बघायचंच तर एप्रिल-मेमध्ये या. पातळी खाली गेली की एरवी पाण्याखाली असणारं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर शिळिंबच्या बाजूला उघडं पडतं आणि त्याच्या दगडांवर गाळाच्या रेघा दिसतात.

पवनानगरहून कामशेतकडे येणाऱ्या जीप अंधार पडला की आटतात. तिकोन्यावरून साडेचारला उतरायला लागा. कामशेतहून लोकल लोणावळ्याला सोडते, पुढे मुंबईची एक्स्प्रेस चुकली तर लोणावळा एसटी स्टँड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.