जुना मिलिटरी ट्रक घरी आणताना

ट्रक बघायला गेलात की इंजिनाच्या आधी चॅसी नंबर कागदाशी जुळतोय का ते बघा, आणि चॅसी हातोडीने ठोकून गंज किती खोल गेलाय तेही, इंजिन काय नंतर होतं दुरुस्त. आणायला लो-बेड (जमिनीलगतच्या पाटाचा) ट्रेलरच घ्या, एम ३५ या अमेरिकी लष्करी ट्रकला अडीच टनी म्हणतात पण ती कच्च्या रस्त्यावर माल वाहायची क्षमता झाली, ट्रक रिकामाच सहा टनांच्या आसपास भरतो! टो करायचाच झाला तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स आणि चाकांचा अ‍ॅक्सल जोडणारा फिरता दांडा) आधी काढून ठेवा, कारण इंजिन बंद असताना चाकं आतले गिअर फिरवत राहतात आणि ऑइल मात्र सगळीकडे पोचत नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकवर अजिबात विसंबू नका. उंची ताडपत्रीच्या कमानींसकट मोजा, शक्यतो कमानी काढूनच आणा.