एन आधी की एन नंतर?

फ्लाइट डिस्पॅचच्या, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन करण्याच्या प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात जुन्या ओशनिक क्लिअरन्सच्या, म्हणजे महासागर ओलांडायच्या परवानगीच्या प्रिंटआउटचा गठ्ठा हातात पडला. उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना डेटालिंकवर, म्हणजे बोलून नव्हे तर लिखित रूपात, आलेले हे संदेश. सगळी कॅपिटल अक्षरं, विरामचिन्हं नावाला. आजोबांच्या ट्रंकेतल्या तारांसारखे.

शब्द पाठ व्हायला दोन दिवस पुरतात. ‘एफ३५०’ म्हणजे ३५,००० फूट, ‘एम०८३’ म्हणजे मॅक ०.८३, ध्वनीच्या वेगाच्या ०.८३ पट. टीएमआय म्हणजे त्या दिवशीच्या अटलांटिक मार्गांच्या संदेशाचा क्रमांक; टीएमआय १२५ म्हणजे वर्षाचा १२५वा दिवस, लीप वर्ष नसेल तर ५ मे. ३० अंश पश्चिमेपर्यंत शॅनविक, पुढे गँडर, ही महासागरावरची दोन हवाई नियंत्रण केंद्रं. एवढं झालं की आपल्याला सगळं कळतं असं वाटू लागतं.

मी आपटले ती त्यानंतर. सरावाच्या क्लिअरन्समध्ये होतं ‘५२/५०’: ५२ अंश उत्तर, ५० अंश पश्चिम. सोबत एफएमसीच्या, म्हणजे विमानातल्या मार्ग सांभाळणाऱ्या संगणकाच्या पानाचा फोटो, त्यात ‘एन५२५०’. आकडे तेच, म्हणून मी टिक केली. मॅडम काही बोलल्या नाहीत, प्लॉटिंग चार्ट पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “काढ रेघ.” रेघ काढल्यावर बिंदू ३० नॉटिकल मैल उत्तरेला गेला. पूर्ण अंशाचं नाव ‘५२५०एन’. एन आकड्यांच्या आधी आला की अर्धा अंश वाढतो, ५२ अंश ३० मिनिटं. हा घोळ टाळायला अर्ध्या अंशासाठी ‘एच५२५०’ असं नाव सुचवलं गेलं, पण विमानाच्या डेटाबेसमध्ये कोणतं आहे ते बघूनच घ्या. नावावर विसंबू नका, पूर्ण अक्षांश-रेखांश उघडून वाचा.

नवे लोक विचारतात, डिसेंबर २०२४पासून शॅनविक आणि गँडर क्लिअरन्स देतच नाहीत, मग हे कशाला शिकायचं? वैमानिक अजूनही महासागरी हद्दीत प्रवेशाच्या दीड ते एक तास आधी आरसीएल हा विनंतीचा संदेश पाठवतो: प्रवेशबिंदू, वेळ, मॅक, जास्तीत जास्त किती उंची झेपेल. उत्तर बहुधा एका ओळीचं: आरसीएल मिळाला, चालू फ्लाइट प्लॅनप्रमाणे किंवा एटीसीने (हवाई नियंत्रकांनी) बदल केला तर त्याप्रमाणे उडा. बदल येतो तो सीपीडीएलसीवर, म्हणजे नियंत्रक-वैमानिकांच्या लिखित संदेशांच्या डेटालिंकवर, आणि तो एफएमसीत भरताना प्रश्न तोच असतो: एन आधी की नंतर?

तो चार्ट मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. नवीन मुलाला आधी रेघ काढायला लावते, सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी.