फॉस्टरचं कुत्रं आणि त्याची वही

माझ्याकडे आतापर्यंत २६ कुत्री कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरती राहून गेली. यालाच फॉस्टर करणं म्हणतात. कुणी १२ दिवस राहिलं, कुणी ७ महिने. प्रत्येकाची एक वही असते, साधी रेघी, आणि कुत्रं नव्या घरी जातं तेव्हा ती त्याच्याबरोबर जाते. फॉस्टर करायचं म्हणजे नक्की काय करायचं, असं कुणी विचारलं की मी आधी वहीबद्दल सांगते. खायला घालणं, फिरवणं, औषधं देणं हे तर आहेच. पण पिंजऱ्यात किंवा रस्त्यावर असताना त्या जिवाबद्दल कुणालाच काही ठाऊक नसतं. जिना पाहिला की ते थबकतं का, मिक्सरचा आवाज झाला की कुठे लपतं, एकटं ठेवलं तर दार खरवडतं का, हे घरात राहिल्यावरच कळतं. ते नीट बघायचं आणि जसं आहे तसं लिहायचं. पुढे घर शोधताना सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

हो म्हणण्याआधी काही गोष्टी कुत्रं सोपवणाऱ्या संस्थेशी किंवा त्याची सुटका करणाऱ्या माणसाशी स्पष्ट बोलून घ्या. औषधपाण्याचा खर्च कोण करणार? रात्री-अपरात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा? तीन महिन्यांत घर मिळालं नाही, किंवा तुम्हीच आजारी पडलात, तर कुत्रं कुठे जाणार? आणि दत्तक देण्याचा शेवटचा निर्णय कुणाचा? हे लेखी घ्या. चांगल्या माणसांमध्येही पुढे याच गोष्टींवरून कडवटपणा येतो. घरातल्या प्रत्येकाची तयारी हवी आणि भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगीही हवी. तुमचं स्वतःचं कुत्रं असेल तर त्याच्या लसी आधी पूर्ण करा.

पहिले १४ दिवस

दार लावता येईल अशी एक खोली नव्या कुत्र्यासाठी वेगळी ठेवा. भांडी, अंथरूण, पट्टा सगळं वेगळं. १४ दिवस घरातल्या इतर प्राण्यांशी त्याचा संबंध येऊ देऊ नका. याबाबतीत मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे.

मोती नावाचं दोन महिन्यांचं पिल्लू माझ्याकडे आलं तेव्हा टुणटुणीत होतं. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं भांड्याकडे पाहिलंच नाही. दुपारी पिवळी उलटी झाली, संध्याकाळी रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा जीवघेणा विषाणू. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा ३ ते ७ दिवस जातात, कधी कधी १४ सुद्धा. म्हणजे आलेलं पिल्लू धडधाकट दिसतं याचा काहीच अर्थ नाही. मोती सहा दिवस सलाइनवर होता आणि वाचला. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या साबणानं मरत नाही. फरशी आधी धुऊन घाण पूर्ण काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून ते निदान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर जातो. मोतीनंतर वर्षभर मी लस न झालेलं एकही पिल्लू घरात घेतलं नाही, फक्त मोठी, लसी झालेली कुत्री घेतली.

पहिल्या दिवशी अंघोळ घालू नका. पाहुणे बोलावू नका. पाणी, थोडं खाणं, निजायला जागा एवढं पुरे. खूप दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला भरपेट खाऊ घालण्याचा मोह आवरा. त्यानं रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडतं आणि जीवसुद्धा जाऊ शकतो. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि किती ते डॉक्टरांना विचारून.

पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्याच. पण घरीही तपासायला शिका. ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी असावी, बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यावा. पांढरट हिरडी दिसली तर वाट बघू नका. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागतं. हातानं ताप ओळखायला जाऊ नका, थर्मामीटर ठेवा. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल ओतणं, चटका देणं नको. गोचिडीच्या तापावर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात, ते बहुतेक वेळा २८ दिवसांचं असतं. आठव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून थांबवू नका.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीच देऊ नका. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी वापरतात ते) घातलेले बिनसाखरेचे पदार्थ त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा.

आणि निसटणं. नवं कुत्रं पहिल्या काही दिवसांतच पळतं, कारण तुमचं घर हे आपलं घर आहे हे त्याला अजून माहीतच नसतं. पळालं तर परत कुठे यायचं हेही त्याला कळत नाही. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा, दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या लावा. पट्ट्यावर फोन नंबर असू द्या. गाडीचं दार उघडण्याआधी दोरी हाताला गुंडाळलेली हवी. बाहेरचं दार उघडताना आतलं दार बंद हवं.

चावलं किंवा नुसतं दात लागून खरचटलं तरी जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारायचं. पिल्लू आहे, छोटासाच ओरखडा आहे, असं म्हणून सोडून देऊ नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की मग उपाय उरत नाही.

ओळख व्हायला वेळ लागतो

सुटका करणारी माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात. तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत रुळतं. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, पण लगेच मत बनवू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं.

भुरी आली तेव्हा टेबलाखाली जाऊन बसली. माणूस खोलीत असेपर्यंत खायची नाही. मी रोज रात्री तिच्याकडे पाठ करून फरशीवर बसायचे आणि हळू आवाजात काहीतरी वाचायचे. हात पुढे करायचा नाही, नाव घ्यायचं नाही, बघायचंही नाही. चौथ्या रात्री, अकरा चाळीसला, माझ्या कोपराला काहीतरी गार आणि ओलं लागलं. नाक. मी वाचत राहिले. ती परत गेली, पुन्हा आली. वहीत त्या दिवसासमोर एवढंच आहे: ‘११.४०, कोपराला नाक, दोनदा.’

एकोणिसाव्या दिवशी तीच भुरी पहिल्यांदा भुंकली, आणि त्याच आठवड्यात मी खाण्याच्या भांड्याजवळून गेले तर गुरगुरली. पहिल्या आठवड्यात मी तिची जाहिरात केली असती तर ‘अतिशय शांत’ असं लिहिलं असतं. ती शांत नव्हती, घाबरलेली होती. म्हणून निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

या काळात काय बघायचं? झोप आलेली नसताना जांभई देणं, सारखं नाक चाटणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, एकदम ताठ होऊन थिजणं. ही सगळी ‘मला नको आहे’ची भाषा आहे. गुरगुरल्याबद्दल शिक्षा करू नका. गुरगुर ही सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी कुत्रं सूचना न देता चावतं. भांड्यावर गुरगुरणाऱ्याला शांतपणे एकट्याला खाऊ द्या. जाता-येता लांबूनच त्याच्या आवडीचं काहीतरी भांड्याच्या दिशेनं टाका आणि थांबू नका, पुढे निघून जा. अंतर कमी करायला दिवस नाही, आठवडे लागतात. भुरीला सहा लागले.

एकटं राहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आधी पाच मिनिटं, मग वीस, मग दोन तास. जुन्या फोनवर व्हिडिओ चालू ठेवून जा, म्हणजे मागे नक्की काय होतं ते दिसतं. शी-शूसाठी उठल्याबरोबर, खाल्ल्यावर आणि खेळ झाल्यावर बाहेर न्या. घरात झालं तर ओरडू नका, एन्झाइम असलेल्या क्लीनरनं पुसा. वास राहिला की ते पुन्हा तिथेच करणार.

पिल्लांचं गणित वेगळं. आठ आठवड्यांच्या आधी त्यांना आईपासून आणि भावंडांपासून तोडू नका. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, त्याची भीती पुढे कमी राहते. हा काळ खोलीत कोंडून घालवायचा नसतो, पण लसीही पूर्ण झालेल्या नसतात. त्या सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. मी पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर जाते. जग बघू दे, जमिनीला पाय लागू द्यायचे नाहीत.

घर शोधताना

फोटो कुत्र्याच्या उंचीवर बसून काढा, दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ. डोळे दिसले पाहिजेत. माणसाशेजारचा एक फोटो हवा, म्हणजे आकार कळतो. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

मजकुरात ‘खूप गोड, सगळ्यांशी जमतं’ असं लिहू नका. भुरीचं मी असं लिहिलं: ‘वय अंदाजे ४, वजन १७ किलो, नसबंदी आणि लसी पूर्ण. अनोळखी माणसाजवळ यायला तिला तीन-चार दिवस लागतात. जेवताना जवळ कुणी आलेलं आवडत नाही, त्यावर काम चालू आहे. चार तास एकटी शांत राहते. दोरीला ओढत नाही. लहान मुलं नसलेलं घर हवं.’ फोन कमी आले, पण जे आले ते वाचून आलेल्या माणसांचे होते.

हे मी शेरूपासून शिकले. शेरूही भांड्यावर गुरगुरायचा. मी ते लपवलं नाही असं स्वतःला समजावलं, पण सांगितलंही नाही. नवीन घरात गेल्यावर सुटेल असं वाटलं, आणि तो कुटुंबाला फार आवडला होता. घरात दोन लहान मुलं. नवव्या दिवशी ते त्याला परत घेऊन आले. कुणाला इजा झाली नव्हती, पण आई रडत होती आणि मुलं गाडीतून उतरली नाहीत. शेरू त्याच जुन्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि दोन दिवस जेवला नाही. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर खरी जाहिरात लिहिली. अकरा आठवडे लागले, पण असं कुत्रं आधी सांभाळलेलं एक जोडपं मिळालं.

घ्यायला येणाऱ्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असे प्रश्न विचारू नका. सकाळी कोण फिरवणार? तुम्ही गावाला गेलात की ते कुठे राहील? सोफा फाडला तर काय कराल? आधीचं कुत्रं होतं, त्याचं काय झालं? मग गप्प बसा आणि ऐका. घरातल्या सगळ्यांना भेटल्याशिवाय देऊ नका, आणि कुणाला वाढदिवसाची अचानक भेट म्हणून तर अजिबात नाही. त्यांचं आधीचं कुत्रं असेल तर पहिली भेट घराबाहेर, दोघांनाही अनोळखी जागेत, अंतर ठेवून एकाच दिशेनं चालत करवा. त्यांच्या घरी जाऊन गॅलरीच्या गजांमधलं अंतर बघा. पहिल्या भेटीतच कुत्रं सोबत देऊ नका, दोन दिवस विचार करू द्या. नसबंदी करूनच द्या. पिल्लू लहान असेल तर तारीख ठरवून लेखी घ्या. करारात एक ओळ नक्की हवी: काहीही कारणानं ठेवता आलं नाही तर ते आमच्याकडेच परत येईल. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर १५ आकडी क्रमांकाची नोंद नव्या मालकाच्या नावावर करून घ्या, नाहीतर ती चिप कुणापर्यंतच पोहोचवत नाही.

कुत्रं सकाळी पाठवा, म्हणजे रात्रीच्या आधी त्याला घर बघायला अख्खा दिवस मिळतो. सोबत न धुतलेली चादर, सध्याचं खाणं आठवडाभर पुरेल इतकं, औषधांचे कागद आणि वही. निरोप लांबवू नका. मला रडू येतं, दरवेळी येतं. ते मी घरी येऊन रडते. दुसऱ्या दिवशी फोन करा, मग तिसऱ्या दिवशी, तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी. भेटायला मात्र सुरुवातीला जाऊ नका, त्याचं मन दोन्हीकडे ओढलं जातं.

भुरी एका मावशींकडे आणि त्यांच्या मोठ्या मुलाकडे गेली. तिसऱ्या दिवशी माझ्या फोनआधीच मावशींचा आला. ‘अगं, ही पलंगाखालून बाहेरच येत नाही, आमचं काही चुकतंय का?’ मी म्हटलं, ‘मावशी, वहीचं तिसरं पान काढा.’ त्यांनी ते फोनवरच मोठ्यानं वाचलं. पाठ करून बसायचं, बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. सहाव्या रात्री सव्वाबाराला त्यांच्या मुलाचा निरोप आला. एकच शब्द होता: ‘कोपर.’