‘मिश’ की ‘मीर’? जर्मनमधली आत्मवाचक सर्वनामं

मराठीत ‘मी बसतो’ एवढं पुरतं. जर्मनमध्ये आधी ठरवावं लागतं: बसलेले आहात की आत्ता बसताय? बसलेले असाल तर ‘इश झिट्से’. आत्ता खुर्चीत टेकत असाल तर ‘इश झेट्से मिश’. इथलं ‘मिश’ (स्वतःला) गाळलं की वाक्य अर्धवट, कारण ‘झेट्सेन’ला कर्म लागतंच. (‘मिश’मधला ‘श’ लिहिण्यापुरता, खरा उच्चार श आणि ह यांच्या मधला.)

रूपं सोपी आहेत. इशचं (मी) मिश, डूचं (तू) डिश, वीरचं (आम्ही) उन्स, ईअरचं (अनेकवचनी तुम्ही) ऑइश. तो, ती, ते आणि आदरार्थी ‘झी’, या सगळ्यांना ‘झिश’. मालवणात होमस्टेवर आलेल्या जर्मन पाहुण्याला ‘बसा’ म्हणायचं तर ‘झेट्सेन झी झिश!’ लिहिताना ‘झी’चं पहिलं अक्षर मोठं, ‘झिश’चं मात्र लहानच.

खरी गोम ‘मीर’मध्ये आहे. वाक्यात दुसरं कर्म आहे का, ते बघा. ‘इश वाशे मिश’ म्हणजे अंग धुतो. बांगडे साफ करून हात धुतले, तर हात हे कर्म झालं आणि ‘मिश’चं ‘मीर’: ‘इश वाशे मीर दी हेंडे’. इथे ‘माझे’ लावायची गरज नाही. मराठीतही आपण नुसतं ‘हात धुतो’ म्हणतो. तसंच डिशचं डीर होतं. बाकीची रूपं बदलत नाहीत, म्हणून सराव या दोन जोड्यांचाच करा.

मराठी माणूस फसतो तो ‘मला आठवतं’मुळे. ‘मला’ म्हणून ‘मीर’ तोंडात येतं. पण जर्मनमध्ये आठवणारा कर्ता असतो: ‘इश एरइनरे मिश’, आणि जे आठवतं त्याआधी ‘आन’. क्रियापद पाठ करताना असा जोडशब्दही सोबत घ्या, कारण त्याने अर्थ फिरतो. ‘इश फ्रॉये मिश’ म्हणजे मला आनंद होतो. हापूस यायचा आहे, तर ‘इश फ्रॉये मिश आउफ दी मांगोस’; पेटी घरात आली, की ‘आउफ’च्या जागी ‘यूबर’.

भूतकाळात सहाय्यक क्रियापद ‘हाबेन’च, बसण्यासारख्या हालचालीलाही: ‘इश हाबे मिश गेझेट्स्ट’. वाक्य ‘आज’ने सुरू केलं तर ‘हॉय्टे फ्रॉये इश मिश’, म्हणजे मिश कर्त्यामागे. ‘वाइल’ (कारण) आलं की क्रियापद शेवटी जातं, मिश मात्र कर्त्याला चिकटून राहतं: ‘वाइल इश मिश फ्रॉये’.