कमोडोर ६४ वर स्वतःलाच बदलणारा कोड कसा लिहायचा

लॅमिंग्टन रोडवर जुनं मशीन शोधत फिरू नका, लॅपटॉपवर व्हाइस एम्युलेटर (कमोडोर ६४ ची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) टाका, फुकट आहे आणि या कामाला पुरतो. कमोडोर ६४ हा १९८२ चा घरगुती कॉम्प्युटर, स्पीड साधारण १ मेगाहर्ट्झ आणि हाताशी रजिस्टर (प्रोसेसरच्या आत एकेक आकडा धरणारे कप्पे) तीनच, ए, एक्स, वाय. म्हणून तेव्हाचे लोक सरळ चालू प्रोग्रामचेच बाइट बदलायचे.

आधी वही काढा. मी हे डोंबिवली लोकलमध्ये वहीत चौकोन आखून शिकलो आणि कागदावर केल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही असं माझं ठाम मत आहे. 'एसटीए १०२४,एक्स' (ए मधला आकडा १०२४ अधिक एक्स या पत्त्यावर लिही) या ओळीचे मेमरीत ३ बाइट होतात: १५७, ०, ४. १५७ म्हणजे हुकूम, पुढचे दोन म्हणजे पत्ता, त्यातला लहान भाग आधी. ४ गुणिले २५६ म्हणजे १०२४, तिथून स्क्रीन सुरू होते. त्या ४ चा ५ केला की तीच ओळ १२८० पासून लिहायला लागते. एवढीच आयडिया आहे हो!

आता मेमरीत ४९१५२ पासून हे टाका (असेंबलरमध्ये, म्हणजे हुकुमांचे बाइट करणाऱ्या प्रोग्राममध्ये, अर्थात रोमन अक्षरांत). एलडी म्हणजे रजिस्टरमध्ये भर, एसटी म्हणजे मेमरीत लिही, आयएन म्हणजे एकने वाढव, सीपी म्हणजे तुलना कर, बीएनई म्हणजे निकाल शून्य नसेल तर त्या ओळीवर जा, आरटीएस म्हणजे परत जा. # म्हणजे पत्ता नव्हे, तो आकडाच. 'फिर' हे त्या ओळीला दिलेलं नाव, आणि फिर+२ म्हणजे तिचा तिसरा बाइट, तोच ४:

एलडीए #४
एसटीए फिर+२
एलडीएक्स #०
एलडीए #१
फिर: एसटीए १०२४,एक्स
आयएनएक्स
बीएनई फिर
आयएनसी फिर+२
एलडीवाय फिर+२
सीपीवाय #८
बीएनई फिर
आरटीएस

बेसिकमधून (मशीनमधल्या तयार भाषेतून) सिस ४९१५२, म्हणजे त्या पत्त्यावरचा कोड चालव, असं मारलं की अख्खी स्क्रीन ए अक्षराने भरते, कारण स्क्रीनच्या मेमरीत १ म्हणजे ए. एक्स २५६ वेळा फिरून शून्यावर आला की पत्त्याचा मोठा भाग एकने वाढतो, म्हणजे बदल फक्त चारदा होतो. प्रत्येक बाइटला बदलत बसलात तर आयएनसीच ६ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) खातं, मग फायदा काय राहिला?

पहिल्या दोन ओळी गाळू नका. मी गाळल्या होत्या, पहिल्यांदा मस्त चाललं, दुसऱ्यांदा सिस मारलं आणि मशीन लटकलं, कारण पत्त्याचा मोठा भाग ८ वरच राहिलेला, म्हणजे लिखाण २०४८ पासून सुरू, तिथे बेसिकचा प्रोग्राम असतो, तो पुसत पुसत ते शेवटी ४९१५२ ला स्वतःवरच येऊन पडतं. तासभर वहीत ट्रेस केल्यावर सापडलं.

आणि हा कोड रॅममध्येच हवा, कार्ट्रिजच्या रॉममध्ये (फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत) बाइट बदलतच नाही.

चालवून झालं की बेसिकमध्ये प्रिंट पीक (दिलेल्या पत्त्यावरचा बाइट दाखव) करून ४९१६३, म्हणजे फिर+२, बघा, आधी ४ होता तिथे ८ दिसेल.