टीए म्हणून जाताय? आधी आय-नाइन

यंदा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून दोघीजणी जर्मनच्या पीएचडीला अमेरिकेत निघाल्यात, टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता पगारावर शिकवणाऱ्या) म्हणून. दोघींनीही मला सगळ्यात आधी विचारलं ते प्रेशर कुकर न्यायचा का हे. न्या. तीन लिटरचा न्या. आता कामाचं बोलू.

टीए म्हणजे एकाच वेळी विद्यार्थी आणि नोकरदार. विद्यार्थी म्हणून लागणारी तयारी सगळ्यांना पाठ असते: व्हिसा, आय-ट्वेंटी (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो प्रवेशाचा कागद), लसींचे दाखले, थंडीचे कपडे. ती इथे लिहीत नाही. नोकरदार म्हणून काय लागतं याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही, आणि पहिल्या वर्षी मी नेमकी तिथेच आपटले. एका फॉर्मवरून, तुम्ही कोण आणि तुम्हाला तिथे काम करायची परवानगी आहे का हे तपासणाऱ्या. आय-नाइन. हे नाव पुढे इतक्यांदा येईल की तुम्हाला वीट येईल. येऊ दे.

सुरुवात ऑफर लेटरपासून. ते आल्या आल्या हरखून सही ठोकू नका. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर ज्या विद्यापीठांनी सह्या केल्यात, त्यांना १५ एप्रिलच्या आधी तुमच्याकडून होकार वसूल करता येत नाही. तोवर पत्र नीट वाचा. सगळ्यांची नजर रकमेवर जाते. तुम्ही आधी टक्के बघा. ‘५० टक्के नेमणूक’ म्हणजे आठवड्याला २० तास. आणि एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर काम करायची मर्यादाही २० तासांचीच. म्हणजे तुमचा कोटा तिथेच संपला. शनिवारी लायब्ररीत चार तास बसू, कोणाची शिकवणी घेऊ, हे मनातूनही काढून टाका. विभागातलंच कोणीतरी प्रेमाने म्हणेल, ‘एवढं भाषांतर करून देतेस का, तासाप्रमाणे पैसे देऊ.’ गोड हसून नाही म्हणा. त्यांना व्हिसाचे नियम ठाऊक असतीलच असं नाही, आणि निस्तरायचं तुम्हालाच आहे.

मग महिने मोजा. नेमणूक बहुतेक ठिकाणी नऊ महिन्यांची असते. उन्हाळ्यात वर्ग मिळाला तर मिळाला, नाहीतर तीन महिने कोरडे. तेव्हा वर्षाच्या आकड्याला बाराने भागून दरमहा इतके येणार अशा भ्रमात राहू नका. ट्यूशन (म्हणजे तिथे शिकवण्याची फी) माफ म्हणजे सगळी फी माफ, असंही नव्हे. ट्यूशन वजा झाल्यावरसुद्धा आरोग्य, तंत्रज्ञान, बस, जिम अशा नावांच्या फिया उरतात आणि त्या सत्राच्या तोंडावरच भरायच्या असतात, म्हणजे पहिला पगार हातात येण्याआधी. विम्याचा हप्ता कोण भरणार हे विचारून घ्या. नेमणूक किती वर्षांची, तेही बघा. ‘समाधानकारक प्रगती’ आणि ‘निधीची उपलब्धता’ या दोन अटी हमखास असतात. पहिली तुमच्या हातात, दुसरी नाही. अमेरिकेत इंग्रजी सोडून इतर भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या २०१६ ते २०२१ या काळात १६.६ टक्क्यांनी घटली, आणि २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने तर परकीय भाषांचे पदवी अभ्यासक्रमच गुंडाळायचं ठरवलं. घाबरवत नाहीये. पण ‘माझ्या वर्गाला पुरेशी मुलं आली नाहीत तर मला कोणतं काम देणार?’ हा प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तर मिळालं तर ‘आपलं असं बोलणं झालं’ असं दोन ओळींत लिहून पाठवा.

युनियन आहे का तेही बघा. विस्कॉन्सिनच्या टीएंनी १९७० सालीच विद्यापीठाशी करार करून घेतला होता. खासगी विद्यापीठातल्यांना युनियन करायचा हक्क २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणातल्या निकालाने परत मिळाला. सरकारी विद्यापीठात सगळं त्या त्या राज्याच्या कायद्यावर. करार असेल तर तो उतरवून घ्या आणि कामाचे तास, आजारपणाची रजा, तक्रार कशी करायची, एवढं तरी वाचा. विभागाचं हँडबुक वेगळं. दोन्हींत फरक दिसला तर करार खरा मानून चाला.

आता आय-नाइन.

ऑफर स्वीकारली की काही दिवसांत विद्यापीठाचा ईमेल पत्ता मिळतो. ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी तो फोनवर घ्या. मी घेतला नाही. मी जूनपासून जीमेलकडे डोळे लावून बसले होते आणि तिकडे त्या पत्त्यावर आय-नाइनची चार स्मरणपत्रं साचली होती. १९८६ च्या कायद्यापासून अमेरिकेत नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरला जातो, तो तिथला नागरिक का असेना. पहिला भाग तुम्ही भरायचा, कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत. दुसरा भाग विद्यापीठ भरतं, त्यानंतरच्या तीन कामकाजाच्या दिवसांत, तुमची मूळ कागदपत्रं बघून. आणि इथेच मेख आहे: कामाचा पहिला दिवस म्हणजे वर्गाचा पहिला दिवस नव्हे. पुन्हा लिहिते. कामाचा पहिला दिवस म्हणजे वर्गाचा पहिला दिवस नव्हे! ऑफर लेटरमध्ये नेमणुकीची तारीख असते. ती बहुधा सत्र सुरू होण्याच्या आठवडाभर आधीची असते, कारण नव्या टीएंचं प्रशिक्षण तेव्हाच सुरू होतं आणि ते कामातच धरतात. मी प्रशिक्षणाला आपली वही घेऊन विद्यार्थिनीसारखी जाऊन बसले. सोमवारी बसले, गुरुवारी आय-नाइनची मुदत संपली, आणि मला पत्ताच नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊचा माझा आयुष्यातला पहिला वर्ग. बावीस मुलं, प्रत्येकाच्या बाकावर पुठ्ठ्याची नावाची पाटी. ‘इश हाइसऽ…’ (‘माझं नाव…’) म्हणत मी एकेकाला बोलतं करत होते. सहाव्या पाटीपर्यंत पोचले असेन, तेवढ्यात दार किलकिलं झालं. विभागाच्या ऑफिसात पगाराचं काम बघणारी बाई, हातात पिवळी फाइल. तिने मला बाहेर बोलावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘पासपोर्ट आहे का आत्ता जवळ?’ नव्हता. ‘पासपोर्ट घेऊन गावभर हिंडू नकोस’ असं बाबांनी निघताना दहादा बजावलं होतं, म्हणून तो घरी, सुटकेसच्या तळाशी, चादरीच्या घडीत. ती म्हणाली, आय-नाइन होईपर्यंत तुला शिकवता येणार नाही. उरलेली मिनिटं कोऑर्डिनेटरने, म्हणजे भाषेचे सगळे वर्ग बघणाऱ्या बाईंनी घेतली. मी बॅग आणायला आत गेले तेव्हा सहाव्या पाटीवाला मुलगा अजून ‘इश हाइसऽ’वर थांबलेला होता.

दोन दिवस माझा वर्ग दुसरीने घेतला. ते एक वेळ ठीक. पण पगाराची यादी तोवर बंद झाली होती, त्यामुळे ऑगस्टचे पैसे सप्टेंबरच्या पगाराबरोबर, म्हणजे ३० तारखेला. मी १४ ऑगस्टला ९०० डॉलर घेऊन उतरले होते. त्यातले बहुतेक डिपॉझिट आणि पहिल्या भाड्यातच गेले. सहा आठवडे रूममेटच्या तांदळावर काढले. ती बिचारी काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

तर आय-नाइनसाठी: मूळ पासपोर्ट, आय-ट्वेंटी आणि आय-नाइंटीफोरची, म्हणजे देशात शिरल्याच्या सरकारी नोंदीची छापील प्रत. ही शेवटची तुम्हाला कोणी आणून देत नाही. उतरल्यावर सरकारी वेबसाइटवरून स्वतः काढायची, आणि काढल्या काढल्या नाव, व्हिसाचा प्रकार, तारीख तपासायची. चुका असतात. फोनमधला फोटो चालत नाही, झेरॉक्स चालत नाही, ‘उद्या आणते’ चालत नाही. पहिल्या आठवड्यात पासपोर्ट जवळ ठेवून हिंडा; बाबांना मी समजावते. आय-ट्वेंटीवरच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत देशात उतरता येतं, तेव्हा शनिवारी उतरून सोमवारी हजर व्हायचा शहाणपणा करू नका. स्वस्त तिकिटापायी मी तोच केला.

नावाचा घोळ हा खास आपला. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडून असतं, विद्यापीठाच्या अर्जात आपण फक्त पहिलं नाव टाकलेलं असतं. मग एका कार्यालयात तुम्ही एक, दुसऱ्यात दुसरीच. निघण्याआधीच विद्यापीठाला कळवून नोकरीच्या नोंदीत नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. वर्गात काय हाक मारायची ते नंतर ठरवा.

सोशल सिक्युरिटी नंबरला (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी नंबर) उतरल्यावर दहाएक दिवस थांबून जा, नाहीतर त्यांच्या संगणकात तुमची नोंदच सापडत नाही आणि खेप फुकट. नेमणुकीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून अर्ज घेतात. दोन पत्रं लागतात: एक विभागाचं, एक आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसचं. नंबर हातात यायच्या आधीही काम सुरू करता येतं. आय-नाइनशिवाय येत नाही. दोन्हींची गल्लत करू नका. मी ‘नंबर आला की सगळं एकदमच करू’ असंही मनाशी ठरवून ठेवलं होतं.

इंग्रजीची तोंडी परीक्षा. हो, जर्मन शिकवायला जाणाऱ्यांनाही पुष्कळ विद्यापीठांत ती द्यावी लागते. वाद घालू नका, तारीख घ्या आणि देऊन टाका.

शिकवण्याबद्दल फार लिहीत नाही, त्यासाठी पहिल्याच सत्रात अध्यापनपद्धतीचा कोर्स माथी मारतातच. पुस्तक, वेळापत्रक, परीक्षा सगळं कोऑर्डिनेटर ठरवते. रानडेत तुम्ही कितीही छान शिकवत असलात तरी पहिलं वर्ष निमूटपणे तिचं ऐकायचं. वर्गात बोलणं ९० टक्के जर्मनमधून, अशी तिथल्या भाषाशिक्षकांच्या संघटनेची शिफारस आहे आणि निरीक्षणाला येणारे ती कानात ठेवूनच बसतात. २० तासांत वर्ग, तयारी, तपासणी, ऑफिस अवर्स (मुलांना भेटायला राखलेले तास), बैठका हे सगळं धरलेलं असतं. पहिले सहा आठवडे तास लिहून ठेवा. वह्या तपासण्यातच पंधरा तास जायला लागले तर कोऑर्डिनेटरला आकडा दाखवता येतो. ‘फार काम पडतं हो’ याला कोणी विचारत नाही.

मार्क फक्त ज्याचे त्यालाच. १९७४ च्या कायद्याने आईवडिलांनाही परस्पर सांगायचे नाहीत, तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा दाराबाहेर ठेवून ‘आपापला घ्या’ म्हणायचं नाही. आणि एक नाजूक गोष्ट. भाषेच्या वर्गात मुलं स्वतःबद्दलच लिहितात, ‘माझा वीकेंड’, भूतकाळाच्या सरावासाठी. त्यात कधीतरी लैंगिक छळाचा प्रसंग निघतो. अनेक विद्यापीठांत टीएला तो टायटल नाइनच्या (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा कायदा) ऑफिसला कळवणं सक्तीचं असतं. तुमच्याकडे तसं आहे का हे प्रशिक्षणातच विचारा, आणि मुलीला ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका.

आजारी पडलात तर वर्ग कोण घेणार, हे आधी ठरवा. डिसेंबरचं तिकीट मार्क भरायच्या तारखेनंतरचं काढा.

कर. पहिली पाच कॅलेंडर वर्षं पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीची पेन्शन आणि आरोग्यविमा) ७.६५ टक्के कापायचे नसतात. पावती बघा, कापले असतील तर लगेच ऑफिस गाठा. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (करपात्र रकमेतून ठरावीक वजावट) मिळतं, इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते नाही, त्यामुळे मित्राचा फॉर्म बघून आपला भरू नका. भरायचे फॉर्म ८८४३ आणि १०४०-एनआर, मुदत पुन्हा १५ एप्रिल.

बाकी बँक, सिमकार्ड वगैरे तुम्हाला कळतं.

एक राहिलंच. पीएचडी लांबते, सगळ्यांचीच. आय-ट्वेंटीवरची अखेरची तारीख वाढवून घेतलीत की आय-नाइनची पुन्हा तपासणी होते. पुन्हा मूळ कागद, पुन्हा तेच टेबल. जुनी तारीख उलटायच्या आत. मी पाचव्या वर्षी दोन आठवडे आधीच जाऊन उभी राहिले, पासपोर्ट हातात धरून. पिवळ्या फाइलवाली बाई अजून तिथेच होती. तिने मान वर केली, पासपोर्टकडे बघितलं, आणि मला नावाने हाक मारली.