२ ऑगस्टची रोमा स्मृतिसभा मुंबईत घ्यायची तर

रोमा आणि सिंती म्हणजे युरोपातले, मूळ भारतातून गेलेले समाज, ज्यांना 'जिप्सी' म्हटलं जायचं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री नाझींनी आउश्वित्झ-बिर्केनाउ या मृत्युछावणीतल्या 'जिप्सी छावणी'त उरलेल्या त्यांच्यातल्या सुमारे ४,३०० माणसांना गॅसचेंबरमध्ये मारलं. २०१५ साली युरोपियन संसदेनं हाच दिवस स्मृतिदिन म्हणून मान्य केला.

मुंबईत पहिली अडचण जागेची. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, त्यामुळे छोटे हॉल आधीच गेलेले असतात. जूनमध्येच बुक करा. २ तारीख रविवारी आली तर मेगाब्लॉक धरून संध्याकाळी सहाची वेळ द्या. पंचवीस-तीस माणसं आणि सव्वा तास, एवढं पुरे.

मेणबत्त्या नकोत. ऑगस्टच्या उकाड्यात पंखे बंद करता येत नाहीत आणि पंख्याखाली ज्योत टिकत नाही. बर्लिनमध्ये संसदेजवळ २०१२ पासून जे स्मारक आहे, त्यात काळ्या पाण्याचं गोल कुंड आहे, मधोमध त्रिकोणी दगड आणि त्यावर रोज बदललं जाणारं ताजं फूल. त्रिकोण म्हणजे कैद्यांच्या कपड्यांवर शिवलेला बिल्ला. त्याचीच छोटी नक्कल करा: घरची मोठी परात घ्या, आतून काळं प्लास्टिक घट्ट बसवा (नाहीतर स्टील चमकतं आणि सगळा परिणाम जातो), दोन इंच पाणी भरा. कडप्प्याचा त्रिकोणी तुकडा फरशीवाल्याकडे मिळतो. तो पाण्याच्या वर राहील असा, खाली वाटी पालथी घालून ठेवा. दादरच्या फूलबाजारातून देठासकट एकच फूल आणा. हार नको, आणि दारात रांगोळी काढणार असाल तर त्यात स्वस्तिक नको. आपल्याकडे ते शुभ असलं तरी या एका संध्याकाळी तो वाद दारातच नको.

बोलणाऱ्यानं सुरुवात गॅसचेंबरपासून करू नये, पोलिसांच्या नोंदवहीपासून करावी. जर्मनीत म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्येच रोमांची माहिती जमवणारं कार्यालय उघडलं. १९२६ मध्ये त्याच भागातल्या बव्हेरिया राज्यानं त्यांच्याविरुद्ध कायदा केला. १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या तोंडावर बर्लिनमधल्या कुटुंबांना मार्त्झानच्या छावणीत हलवलं. डिसेंबर १९४२ मध्ये नाझी एसएसचा प्रमुख हिमलरनं त्यांना आउश्वित्झला पाठवण्याचा हुकूम काढला आणि सुमारे २३,००० माणसं तिथं गेली. त्यातली साधारण २१,००० तिथंच मेली. श्रोत्यांतून कुणीतरी इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा काढणारच. काढू द्या. जन्मानं गुन्हेगार ठरवायचं, यादीत नाव घालायचं, हजेरी लावायची, ही पद्धत ओळखीची आहे. पण गॅसचेंबर इथं नव्हते, हेही त्याच दमात सांगा. विमुक्तांच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, प्रश्नाला ३१ ऑगस्टचा स्वतंत्र दिवस आहे.

खरा घोळ "ते मूळचे आपलेच" यावरून होतो. येख, दुय, त्रीन, श्तार, पांज हे रोमांच्या भाषेतले एक ते पाच आकडे ऐकवले की सभागृह खूश होतं आणि मारलेली माणसं बाजूला राहतात. आकडे ऐकवायचे तर दोन मिनिटं, बस. मूळ भारतातलं आहे हे नाझींच्या 'वंशतज्ज्ञां'ना ठाऊक होतंच. 'रक्त मिसळलंय' असा शेरा मारून त्यांनी बहुतेकांना छळाच्या यादीत घातलं.

आकडे तपासून घ्या. २ ऑगस्टच्या त्या रात्रीसाठी २,८९७ हा जुना आकडा अजून फिरतो. एकूण बळींचा अंदाज २ ते ५ लाख असा पल्ल्यातच सांगा.

फोटोंत जास्त फसगत होते. मालगाडीच्या दारातून बघणारी, डोक्याला फडकं बांधलेली मुलगी कित्येक वर्षं ज्यू समजली जात होती. ती सेटेला स्टाइनबाख, सिंती, हे १९९४ मध्ये कळलं. कुठलाही फोटो कुणाचा आणि कुठला, ते लिहिल्याशिवाय लावू नका.

"मग नंतर न्याय मिळाला का?" हा प्रश्न येतोच. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४३ पूर्वीचा छळ वांशिक नव्हताच असं ठरवलं, आणि त्या जोरावर भरपाई नाकारली गेली. सरकारनं वंशसंहार मान्य केला तो १९८२ मध्ये.

निघताना परातीतलं पाणी झाडाला घाला. डासांचे दिवस आहेत.